कंपनी आमची, पैसा सगळ्यांचा

(मंचाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पोहे झाले आहेत, जेवणाला अजून तासभर अवकाश आहे, आणि अशा वेळी सरकारी अनुदान या विषयावरचं भाषण ऐकायला तुम्ही बसला आहात. तेव्हा आधी तुमचे आभार, आणि मग एक कबुली.

गेल्या दिवाळीत एका घरी पंधरा-वीस जण जमलो होतो. फराळ झाला, गप्पा रंगल्या आणि नेहमीप्रमाणे गाडी राजकारणावर आली. आमचे एक स्नेही, अतिशय हुशार आणि दिलदार माणूस, म्हणाले, "सरकारनं रस्ते बांधावेत, सैन्य ठेवावं आणि बाकी बाजूला व्हावं. आपल्याला कोणी काय दिलं? दोन सुटकेसी घेऊन आलो, स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि घरी परत येताना गाडीत मला स्वतःचाच राग आला. कारण मी ज्या नऊ माणसांच्या कंपनीत काम करते, तिचा पगार गेली अनेक वर्षं मुख्यतः अमेरिकन सरकारच्या अनुदानातून होतो. माझ्या घराच्या हप्त्यातसुद्धा कुणा शिक्षिकेचा, कुणा ट्रक ड्रायव्हरचा कर आहे. हे मला त्या दिवशी म्हणता आलं नाही. ते आज म्हणणार आहे.

योजना काय आहे?

या योजनेचं नाव एसबीआयआर, म्हणजे छोट्या उद्योगांतल्या नवसंशोधनासाठी अनुदान. तिची धाकटी बहीण एसटीटीआर. तुमच्यापैकी विद्यापीठात असलेल्यांना ही नावं माहीत असतील. आयटीतल्या मंडळींना कदाचित नसतील.

सुरुवात झाली १९७७ साली, नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये. रोलँड टिबेट्स नावाचे एक अधिकारी तिथे होते. सरकारचा संशोधनाचा पैसा मोठी विद्यापीठं आणि मोठ्या कंपन्या यांच्याकडेच जातो आणि छोट्या कंपनीतला चांगला, पण धोक्याचा विचार पैशाअभावी मरतो, हे त्यांना खटकत होतं. त्यांनी टप्प्याटप्प्यानं पैसे द्यायची पद्धत बसवली. ती पटली आणि १९८२ मध्ये काँग्रेसनं कायदा केला. त्या वर्षी जुलैमध्ये त्यावर सही केली रोनाल्ड रेगन यांनी. होय, तेच रेगन, ज्यांच्या मते सरकार हाच प्रश्न होता! विद्यापीठांनी तेव्हा विरोध केला होता, आपल्या ताटातला घास जाणार म्हणून. तो विरोध अगदीच चुकीचा नव्हता, कारण या योजनेला वेगळा पैसा मिळत नाही. ज्या सरकारी खात्यांचं बाहेर देण्याचं संशोधन-बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा, एवढंच. सुरुवातीला तो हिस्सा होता ०.२ टक्के. २०११ च्या कायद्यानं तो वाढत वाढत ३.२ टक्क्यांवर नेला. शंभर डॉलरमधले तीन डॉलर वीस सेंट. पण एनआयएचचं बजेट एवढं अवाढव्य आहे, की आरोग्य संशोधनातल्या छोट्या कंपन्यांना त्यातून वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त मिळत आले आहेत.

पद्धत तीन टप्प्यांची. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का, एवढंच बघायचं. साधारण सहा महिने ते वर्ष, आणि अलीकडच्या काळात सुमारे तीन लाख डॉलर. दुसऱ्या टप्प्यात वस्तू खरोखर बनवायची. दोन वर्षं, सुमारे वीस लाख डॉलर. तिसरा टप्पा म्हणजे बाजार, आणि त्यासाठी या योजनेतून एक पैसाही नाही. तिथे तुमचे तुम्ही.

मला यातली सर्वात विलक्षण गोष्ट वाटते ती अशी. हे कर्ज नाही. सरकार कंपनीत भागीदारी मागत नाही. पेटंट कंपनीकडे राहतं. वर एनआयएचच्या अनुदानात सात टक्क्यांपर्यंत रक्कम 'फी' म्हणून मागता येते, म्हणजे सरळ भाषेत नफा. आपल्याकडे बापसुद्धा मुलाला धंद्यासाठी पैसे देताना इतका उदार नसतो.

आपल्या मंडळींसाठी थोडी कामाची माहिती

हा भाग मुद्दाम सांगते, कारण दर महिन्याला कुणीतरी फोन करून हेच विचारतं.

पहिला प्रश्न असतो व्हिसाचा. कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकन नागरिकांची किंवा ग्रीनकार्डधारकांची हवी. म्हणजे तुम्ही एच-१ वर असाल तर बहुसंख्य मालक होऊन हे अनुदान घेता येणार नाही. पण प्रकल्पाचा प्रमुख शास्त्रज्ञ नागरिकच हवा अशी अट एनआयएचमध्ये नाही. इथे काम करायची कायदेशीर परवानगी हवी. मी स्वतः पहिला अर्ज लिहिला तेव्हा एच-१ वर होते. कंपनीची मालकी दुसऱ्याची होती, कल्पना माझी होती. ग्रीनकार्डच्या रांगेत घालवलेली ती वर्षं आपल्यातल्या किती जणांच्या कल्पना दुसऱ्याच्या नावावर करून गेली, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. असो.

दुसरा प्रश्न, नोकरी सोडावी लागेल का? एसबीआयआरमध्ये प्रमुख शास्त्रज्ञाची मुख्य नोकरी त्या छोट्या कंपनीतच हवी. एसटीटीआरमध्ये तुम्ही विद्यापीठात राहूनही प्रमुख होऊ शकता, मात्र निदान ४० टक्के काम कंपनीनं आणि निदान ३० टक्के काम विद्यापीठानं किंवा संशोधन संस्थेनं करायला हवं. घरात एकाची पक्की नोकरी आणि दुसऱ्याची कंपनी अशी जोडपी आपल्यात बरीच दिसतात, त्याचं एक कारण हे. आरोग्य विमा ज्याच्या नोकरीतून येतो, त्याच्या खांद्यावर दुसऱ्याचं संशोधन उभं असतं.

तिसरा प्रश्न, पुण्यात स्वस्तात काम करून घेता येईल का? नाही. काम अमेरिकेत व्हायला हवं. अपवाद फार थोडे.

आणि चौथी गोष्ट कुणी विचारत नाही, पण मीच सांगते. बहुतेक अर्ज नाकारले जातात. माझा पहिलाही नाकारला गेला.

माझा नाकारलेला अर्ज

आमची कंपनी रक्ताच्या जलद चाचण्यांवर काम करते. तेव्हा आमचा विषय होता नवजात बाळाची कावीळ. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या थेंबावरून, प्रयोगशाळेशिवाय, काही मिनिटांत बिलीरुबिन मोजायचं. मी रसायनशास्त्रातली डॉक्टरेट. मला वाटलं, रसायन बिनचूक असलं की झालं. अर्जात बारा पानं रसायन लिहिलं. तज्ज्ञांच्या समितीनं तो वाचला आणि तिच्यातल्या एकानं शेरा मारला, त्याचा आशय असा होता: ही चाचणी कोण वापरणार, हे अर्जदारानं त्या व्यक्तीला कधी विचारलं आहे असं दिसत नाही.

मी दोन दिवस जेवले नाही नीट. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्याचं म्हणणं खरं होतं.

मग आम्ही बाहेर पडलो. एनआयएचचा एक प्रशिक्षणक्रम आहे, आय-कॉर्प्स नावाचा. त्यात आठ आठवड्यांत शंभर लोकांशी समोरासमोर बोलायला लावतात. आम्ही तो नंतर केला, पण रीत तीच धरली. मी रात्रपाळीच्या नर्सेसना भेटले. एकीनं मला सांगितलं, "तुमची चाचणी तीन मिनिटांत होते की पाच, यानं मला काही फरक पडत नाही. तुम्हाला किती थेंब लागतात ते सांगा. बाळाची टाच दुसऱ्यांदा टोचताना आई माझ्याकडे बघत असते." आम्हाला तीन थेंब लागत होते. पुढचं दीड वर्ष आम्ही एका थेंबावर यायला खर्च केलं. दुसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला.

हे मी एवढ्यासाठी सांगितलं, की 'सरकारी पैसा म्हणजे खिरापत' हा समज जावा. मला आयुष्यात जितकी कडक परीक्षा या अर्जांनी दिली, तितकी पीएचडीच्या व्हायव्हानंही दिली नव्हती. आणि ज्या माणसानं मला शहाणं केलं, त्याचं नाव मला कधीच कळणार नाही.

चंद्रपूरची मैत्रीण

आता जरा दूर जाते. मी मूळची चंद्रपूरची. शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी होती. महिन्यातून चार-पाच दिवस यायची नाही. हातपाय दुखतात म्हणायची. थंडीत जास्त. मास्तर म्हणायचे, नाटकं करते. आम्हीही हसायचो. नववीनंतर ती आलीच नाही. पुढे अनेक वर्षांनी तिच्या धाकट्या भावाची नागपूरला तपासणी झाली तेव्हा कळलं, घरात सिकलसेल होता. तोवर ती गेली होती.

विदर्भात हा आजार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिलं होतं. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं आदिवासी भागात, नंदुरबारच्या बाजूला, या आजारामागे घालवली. ज्ञान होतं. ते माझ्या शाळेच्या बाकापर्यंत पोचलं नव्हतं.

न पोचण्याचं एक कारण अगदी साधं होतं. गावात करता येण्याजोगी जुनी चाचणी, विद्राव्यता चाचणी, स्वस्त होती. पण ती एवढंच सांगायची की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नव्हती. त्यासाठी नमुना मोठ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, इलेक्ट्रोफोरेसिस करायचं, अहवालाची वाट बघायची. अहवाल येईपर्यंत माणूस रोजगार हमीच्या कामावर नाहीतर परगावी गेलेला. आणि हा फरक फार मोठा आहे. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक.

आता अमेरिकेकडे बघा. इथे सिकलसेलचे रुग्ण साधारण एक लाख, बहुतेक कृष्णवर्णीय. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार आहे हे दाखवलं, पाठ्यपुस्तकांत तो अजरामर झाला. पण रुग्णांसाठी राष्ट्रीय कायदा व्हायला १९७२ साल उजाडलं, तेही नागरी हक्कांच्या चळवळीनं रेटा लावल्यावर. गरिबांचा आणि काळ्यांचा आजार. इथे नवजात बाळांची तपासणी मोठ्या यंत्रांवर होते, म्हणजे स्वस्त चाचणीला अमेरिकेत मोठी बाजारपेठ नाही. ज्यांना ती हवी, ते आफ्रिकेत आणि आपल्या गडचिरोली-नंदुरबारमध्ये, आणि त्यांच्या खिशात पैसे नाहीत. कुठला गुंतवणूकदार अशा कल्पनेवर पैसे लावेल?

कुणीच लावले नसते. पण एनआयएचच्या हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेनं याच छोट्या-उद्योग योजनेतून तो विषय पुढे आणला. नॉर्थ कॅरोलिनातल्या बायोमेडॉमिक्स या छोट्या कंपनीनं 'सिकल स्कॅन' ही चाचणी तयार केली; तिची पडताळणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भधारणेच्या चाचणीसारखी पट्टी, बोटातून एक थेंब रक्त, काही मिनिटं, आणि वाहक की रुग्ण हे डोळ्यांना दिसतं. वीज नको, यंत्र नको. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियातल्या सिल्व्हर लेक रिसर्च या कंपनीची 'हिमोटाइप एससी' आली. मुंबईला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरची संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या अनेक केंद्रांवर ती तपासून पाहिली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. अशा पट्ट्या नसत्या तर एवढं उद्दिष्ट कुणी कागदावरसुद्धा लिहिलं नसतं. आता भारतीय कंपन्याही त्या बनवतात.

म्हणजे बघा, अमेरिकन करदात्याचे काही डॉलर, एक छोटी कंपनी, मुंबईतली सरकारी संस्था, आणि शेवटी विदर्भातल्या एखाद्या आश्रमशाळेत बोटाला टोचणारी आरोग्यसेविका. या साखळीतली एकही कडी केवळ 'स्वतःच्या हिमतीवर' उभी नाही. माझ्या मैत्रिणीला ती तीस वर्षं उशिरा आली.

सगळं छान आहे का?

नाही. आपण पुरोगामी म्हणवतो, तेव्हा आपल्या ताटातल्या अन्नाबद्दलही प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, या पैशाचा उपयोग होतो का? हार्वर्डच्या जॉश लर्नर यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की अनुदान मिळालेल्या कंपन्या तशाच इतर कंपन्यांपेक्षा जास्त वाढल्या. पण ज्या भागात आधीच खासगी भांडवल भरपूर होतं तिथेच. आणि पुन्हा पुन्हा अनुदान घेणाऱ्यांना जास्तीचा फायदा दिसला नाही. सबरीना हॉवेल यांनी २०१७ मध्ये ऊर्जा खात्याच्या अनुदानांचा अभ्यास छापला. पहिल्या टप्प्याच्या छोट्या रकमेनं कंपनीला व्हेंचर कॅपिटल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली. दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या रकमेचा तसा परिणाम नव्हता. तो अभ्यास ऊर्जेचा आहे, औषधांचा नाही, हे खरं. पण त्यातलं शहाणपण मला पटतं. पहिला छोटा घास देणं महत्त्वाचं, कारण तेव्हाच दुसरं कुणी देत नाही.

दुसरा प्रश्न, 'ग्रँट मिल'चा. काही कंपन्यांचा धंदाच अनुदानं मिळवणं हा असतो. वस्तू बाजारात येत नाही, पुढचा अर्ज मात्र तयार असतो. मी अशी माणसं पाहिली आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगते, पगाराची तारीख जवळ आली की आपणही तसे होऊ की काय अशी भीती वाटते.

तिसरा प्रश्न, पैसा कुणाला मिळतो? कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्सला सर्वात जास्त. स्त्रियांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कंपन्यांचा वाटा वर्षानुवर्षं कमी राहिला आहे. नॅशनल अकॅडमीजच्या अहवालांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं. आपण भारतीय या बाबतीत तक्रार करायच्या जागी नाही. आपली विद्यापीठं, आपल्या ओळखी, चांगलं इंग्रजी लिहिता येणं, हे सगळं आपल्या बाजूनं असतं. जे आपल्या गावी जातीमुळे आपल्याला आपोआप मिळालं, ते इथे वेगळ्या नावानं मिळतं, एवढाच फरक.

चौथा प्रश्न सर्वात अवघड. धोका जनतेचा आणि नफा खासगी, हे कसं? ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेत सिकलसेलच्या दोन जनुकीय उपचारांना एकाच दिवशी मान्यता मिळाली. एकाची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. त्यामागच्या मूलभूत विज्ञानात जनतेचा पैसा किती वर्षं ओतला गेला आहे! १९८० च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचं पेटंट विद्यापीठांना आणि छोट्या कंपन्यांना घेऊ दिलं. त्याच कायद्यात सरकारला हस्तक्षेप करून दुसऱ्याला परवाना देण्याचा हक्कही आहे. औषधाची किंमत जास्त आहे म्हणून एनआयएचनं तो हक्क आजवर एकदाही वापरलेला नाही. मारियाना माझुकातो यांनी 'द आंत्रप्रेन्युरिअल स्टेट' या २०१३ च्या पुस्तकात हाच प्रश्न विचारला: धोका पत्करताना सरकार भागीदार, मग फळ वाटताना का नाही?

माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. सरकारनं भागीदारी मागितली तर आमच्यासारख्या कंपनीला पुढचं भांडवल मिळणं कठीण होईल, हे मला दिसतं. पण निदान गरीब देशांसाठी आणि सरकारी दवाखान्यांसाठी वाजवी किंमत लावण्याची अट अनुदानपत्रातच असावी, असं मला वाटतं. आमच्या संचालक मंडळात मी हे मांडलं तेव्हा दोन जण हसले. एक हसला नाही. सुरुवात म्हणून ठीक आहे.

मधली दरी

पहिला टप्पा संपून दुसरा मंजूर होईपर्यंत महिनोन्महिने जातात. त्याला इथे 'मृत्यूची दरी' म्हणतात. मोठ्या कंपनीला ती दिसतही नाही. आम्हाला एकदा ती सात महिने लांब होती. मी अर्धा पगार घेतला. दोन सहकाऱ्यांना जायला सांगावं लागलं. त्यांतला एक एच-१ वर होता. तुम्हाला माहीत आहे याचा अर्थ काय. साठ दिवस. त्याची मुलगी दुसरीत होती. त्याला वेळेत दुसरी नोकरी मिळाली, पण तो दिवस मी विसरू शकत नाही.

हे व्यक्तिगत झालं. पण २०२५ मध्ये ही दरी सगळ्यांसमोरच उघडली. एसबीआयआरचा कायदा कायमचा नाही. त्याला मुदत असते आणि काँग्रेसला ती वाढवावी लागते. २००८ ते २०११ या काळातही तुकड्या-तुकड्यांनी मुदतवाढ देत दिवस ढकलले होते. ३० सप्टेंबर २०२५ ला मुदत संपली आणि नूतनीकरण वेळेत झालं नाही. वाद होता तो मुख्यतः दोन गोष्टींचा. वारंवार अनुदान घेणाऱ्या कंपन्यांवर मर्यादा घालायची का, आणि परदेशी संबंधांची छाननी किती कडक करायची. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण ते सोडवता सोडवता नवी अनुदानं कित्येक महिने थांबली. ज्या कंपन्यांचे अर्ज उत्तम गुण मिळवून रांगेत होते, त्यांनाही थांबावं लागलं. प्रयोगशाळेतल्या पेशींना काँग्रेसचं वेळापत्रक कळत नाही. त्यांना दर दोन दिवसांनी खाऊ घालावं लागतं.

आणि आपल्या समाजातून यावर किती आवाज उठला? व्हिसाचा नियम बदलला की आपले व्हॉट्सॅप ग्रुप रात्रभर जागे असतात. आपल्याच कितीतरी जणांच्या पगाराचा हा कायदा लटकला तेव्हा शांतता होती. कारण आपण सरकारी पैशावर जगतो हे आपण एकमेकांना सांगतच नाही. लाज वाटते.

भारताकडे एक नजर

भारतानं २००५ मध्ये जवळजवळ याच नावाची योजना सुरू केली, एसबीआयआरआय. २०१२ मध्ये बायरॅक ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या 'बिग' अनुदानातून नुसती कल्पना हातात असलेल्या माणसाला ५० लाख रुपयांपर्यंत मिळू लागले. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशा मंडळींना जागा, उपकरणं आणि सल्ला देतं. आयआयटी मुंबईतून निघालेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीच्या कॅन्सरवरच्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. टाटा मेमोरियल रुग्णालय त्यात सोबत होतं, बायरॅकचा आधार होता, आणि किंमत अमेरिकेतल्या अशा उपचारांच्या सुमारे दहावा हिस्सा. ती अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, हे मान्य. पण दिशा बघा.

आपण दर वर्षी भारतातल्या संस्थांना देणग्या पाठवतो, ते चांगलंच आहे. पण आपल्याजवळ पैशाइतकंच मोलाचं आणखी काही आहे. अर्ज कसा लिहावा, एफडीएच्या मान्यतेची तयारी कशी करावी, नर्सला काय विचारावं. पुण्या-नागपुरातल्या एखाद्या तरुण मुलीचा अर्ज महिन्यातून एक रविवार बसून वाचून दिला, तर तो चेक लिहिण्याइतकाच उपयोगी आहे.

शेवटी, तीन मागण्या

माझी तुमच्याकडे तीन मागणी आहेत.

एक. ज्यांच्या संशोधनाला, कंपनीला किंवा शिक्षणाला सरकारी पैसा मिळाला आहे, त्यांनी ते उघड सांगावं. मुलांना सांगावं, दिवाळीच्या गप्पांत सांगावं.

दोन. ज्यांना इथे मताचा हक्क आहे, त्यांनी आपल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात एक फोन करावा. दोन मिनिटं लागतात. या योजनेला कायमचा आधार मिळावा, आणि तिच्यातून निघालेल्या औषधांच्या किमतीबद्दल काही अट असावी, दोन्ही मागण्या एकाच फोनमध्ये करता येतात.

तीन. आपल्यातले जे या समित्यांवर परीक्षक म्हणून बसतात, त्यांनी अर्ज वाचताना एक गोष्ट विचारावी: ही वस्तू ज्याला सर्वात जास्त हवी आहे, तो ती विकत घेऊ शकणार नसेल, तर तेवढ्यावरून ती निरुपयोगी ठरते का?

या दिवाळीलाही त्याच घरी बोलावणं येणारच. आमचे स्नेही पुन्हा तेच म्हणतील याची खात्री आहे. चकली हातात घेऊन मी त्यांना सांगणार आहे, "भाऊ, दोन सुटकेसी तुम्ही स्वतः आणल्या, खरं आहे. पण विमानतळापासून पुढचा रस्ता कुणीतरी आधी बांधून ठेवला होता." ते रागावणार नाहीत. बहुधा म्हणतील, "मग तेच तर मी म्हणतो, सरकारनं रस्ते बांधावेत!" आणि तिथून आमची खरी चर्चा सुरू होईल.

प्रश्न जेवताना विचारा, रांगेत मी सर्वात शेवटी असेन.